घोंगडीची माय

साखराबाईनं दाभण घोंगडीच्या दुहेरी तुकड्यातून खुपसला, पलीकडून दातांनी ओढून काढला आणि तांबडा दोरा करकचून आवळला. मग गाठ मारून दोरा तोडला आणि तो लोकर भरलेला गोळा मांडीवर घेऊन चापट्या मारत सारखा केला. एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला निमुळता. परक्या माणसानं पाहिला असता तर उशी म्हणाला असता, फार तर बोचकं. पण या घरात त्याला माय म्हणत.

शेजारी बसलेल्या टिकलीनं रवंथ थांबवून मान लांब केली, नव्या मायचा वास घेतला आणि आपलं तोंड तिच्यात खुपसून डोळे मिटले. वर्षाची झाली होती, अंगानं भरली होती, तरी सवय तान्ह्या कोकराचीच.

"झाली का?" बिरूनं ओट्यावरून विचारलं.

"झाली. पण आता पुन्हा मागू नको. हिच्या आईची लोकर सरत आली."

"तीच घातली ना आतमंदी? दुसरी घालू नको हां. त्या वासाबिगर काही खरं न्हाई."

साखराबाई हरखली. पोराला एवढं कळलं याचंच तिला अप्रूप वाटलं. नवरा, रायभान, गेल्यापासून या घरात तिला कुणी काही विचारत नव्हतं. मेंढरं कुठं न्यायची, कोणती ठेवायची, कोणती काढायची, सगळं बिरूच ठरवायचा, आणि ते बरोबरही होतं. कर्ता तोच होता. तिच्याकडं शेणगोठा आणि नातवंडं एवढंच उरलं होतं. आणि आता गेले काही महिने तोच बिरू तिच्यापुढं उकिडवा बसून म्हणायचा, आई, अजून एक माय शिवून दे. आईला याहून जास्त काय लागतं?

पहिली माय तिनं शिवली ती मात्र कुणाच्या सांगण्यावरून नव्हे. गेल्या उन्हाळ्यात कापलेल्या ज्वारीचे कोवळे, विषारी फुटवे खाऊन एक मेंढी उभ्या उभ्या कोसळली. मागं राहिलेल्या कोकराला दुसरी एकही मेंढी जवळ घेईना. जिच्याकडं जाईल ती डोक्यानं ढकलून द्यायची. साखराबाईनं कापसाचा बोळा दुधात बुडवून त्याला पाजलं. पोट भरलं, रडणं थांबेना. रडून रडून घसा बसला तरी तोंड उघडंच. शेवटी तिनं पेटीतून नवऱ्याची जुनी घोंगडी काढली, जिला इतके दिवस कुणी हात लावला नव्हता, आणि विळीवर धरून तिचा कोपरा कापला. मेलेल्या मेंढीची लोकर कातरून त्यात भरली. रायभान असता तर आधी ओरडला असता आणि मग स्वतःच दाभण ओवून दिला असता. कोकरू त्या गोळ्याला चिकटून बसलं ते गप्पच झालं. कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून टिकली. पुढं ती जाईल तिथं माय तोंडात धरून ओढत न्यायची आणि माय हलली की मुकाट मागं चालायची.

आणि घरात एक रीत होती. साखराबाईच्या सासूनं घातलेली, रायभाननं पाळलेली. बोळ्यानं वाढवलेलं मेंढरू विकायचं नाही. ज्याला आपण आईचं दूध विसरायला लावलं त्याला बाजार दाखवायचा नाही, म्हातारं होऊन जाईल तेव्हा बाभळीखाली पुरायचं. बिरू लहानपणी असल्याच एका मेंढीच्या पोटाशी झोपायचा. त्याला ही रीत कुणी शिकवायची गरज नव्हती.

"केदारखेड्याकडचे मेंढपाळ मंठ्याच्या माळावर उतरलेत," तो मागं एकदा म्हणाला होता. "त्यांच्यात बिनआईची लेकरं बख्खळ. रडून जीव द्यायलेत. तुझी माय दिली तर जगतील."

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी तो पहाटे टिकलीला आणि मायला घेऊन जायचा. टिकली कशी मायच्या मागं जाते ते बघून बाकीची कोकरं शिकतात, असं सांगायचा. संध्याकाळी परत आणायचा. साखराबाई दारातच विचारायची,

"लागली का रे लेकरं मायला?"

"बराबर लागली. बिलकुल आवाज न्हाई."

एकदा टिकलीच्या अंगाला डिझेलचा वास आला होता. बिरू म्हणाला, रस्त्यानं गाड्या जातात, आई. तिनं राखेनं अंग चोळून तो वास काढला आणि विसरून गेली. पोटच्या पोराचं बोलणं कोण तपासून घेतं?

दुसऱ्या दिवशी बाजार होता. ऊन वर आलं तेव्हा तिला नवी माय खुंटीला तशीच दिसली. बिरू जुनी, फाटकी घेऊन गेला होता.

"अगं आशा, हा तर विसरून गेला. मी नेऊन देते. झुंबरबाई मिरच्या घेऊन मंठ्याच्या बाजाराला निघालीच आहे."

आशाबाई, तिची सून, भाकरी थापत होती. तिचा हात परातीत थांबला.

"राहू द्या, आत्या. उन्हाचं कामून जाता? भागवतील ते जुनीवर."

"जुनीचा वास उडालाय. लेकरं रडतील ना."

आशाबाईनं मान वर केली नाही. तव्यावरची भाकरी करपली तरी ती पिठाकडंच बघत राहिली. साखराबाईला वाटलं, सुनेला आपली काळजी. तेवढ्यानंही तिला बरं वाटलं.

काळ्या-पिवळ्या जीपमध्ये झुंबरबाईनं मिरच्यांचं गाठोडं पायाशी घेतलं आणि तिच्या मांडीकडं बघून हसली. झुंबरबाई पलीकडच्या शेतातली, जिभेला हाड नसलेली, पण मनानं साफ.

"काय वं, नातू घेतल्यासारखं घेतलंस ते?"

"नातूच समज. केदारखेड्याच्या कोकरांसाठी आहे. आज बघून तरी येते, माझ्या हातानं किती जगली ते."

हे बोलताना तिचा आवाज चढला होता आणि जीपमधल्या दोन बाया वळून बघायला लागल्या, तेव्हा तिनं माय जरा वर धरली, त्यांनाही दिसावी म्हणून.

मंठ्याच्या अलीकडं माळ लागला. साखराबाईनं जीपच्या बाहेर मान काढून पाहिलं. माळावर कुठंच मेंढरं नव्हती, पाल नव्हतं, चूल नव्हती. लेंडीसुद्धा दिसत नव्हती.

"इथं कुणी उतरलेलं दिसत न्हाई की गं," झुंबरबाई म्हणाली.

"पुढं सरकले असतील."

बाजारात झुंबरबाई मिरच्या मांडून बसली आणि साखराबाई विचारपूस करत जनावरांच्या बाजूला गेली. केदारखेड्याचे मेंढपाळ कुणाला ठाऊक नव्हते. बिरूचं नाव घेतल्यावर एकानं मात्र लिंबाखालच्या टेम्पोकडं बोट दाखवलं. बिरू धनगर का? तो काय, सर्जेराव व्यापाऱ्याचा कत्तलीचा माल भरून राह्यला.

टेम्पोच्या मागच्या बाजूला फळी लावली होती. फळीच्या पायथ्याशी मेंढरांचा घोळका उभा होता, अंग आखडून, माना एकमेकींच्या पोटाखाली घालून. बिरू फळीवर चढत होता. त्याच्या हातात जुनी माय होती, खाली लोंबणारी. मायच्या मागं टिकली. तिनं खुरानं फळी चाचपली नाही की मागं वळून पाहिलं नाही. रोजची वाट असावी तशी चढली. तिच्या मागं दुसरी मेंढी चढली, तिच्या मागं तिसरी, मग सगळा घोळका एका ओळीनं आत गेला. काठी नाही, हाकारा नाही. थोड्या वेळानं गर्दीतून बिरू एकटा बाहेर आला, हातात माय, मागं टिकली. खाली दुसरा घोळका लोटून आणला जात होता.

साखराबाईचे पाय तिथंच राहिले. तिला प्रत्येक मायवरची तांबडी शिवण आठवली. आतमंदी तीच लोकर घाल म्हणणारा पोरगा आठवला, आणि ते ऐकून आपण किती फुललो होतो तेही आठवलं. त्या फुलण्याची तिला सगळ्यात जास्त चीड आली. तिला परक्यानं नव्हे, पोटच्या पोरानं फसवलं होतं, आणि फसवताना तिचंच कौतुक केलं होतं. परातीत थांबलेला आशाबाईचा हातही आता तिला नीट दिसला. घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"टिकली," तिनं हाक मारली.

टिकलीनं मान वळवली. कान टवकारले. क्षणभर तिनं साखराबाईकडं पाहिलं. तेवढ्यात बिरूच्या हातातली माय हलली आणि टिकली पुन्हा फळीकडं वळली.

बिरूनं मात्र हाक ओळखली होती.

"आई? तू कामून आलीस?"

"ही राह्यली होती घरी. तू विसरून गेल्तास."

सर्जेराव पान चघळत पुढं आला. त्याला काही कळलं नव्हतं, तो मनापासून खूश होता.

"ही का तुझी आई? मावशी, जादू हाय तुमच्या हातात. पहिले चार माणसं लागायची, ढकलाढकलीत पाय मोडायचे जनावरांचे. आता बघा. बिलकुल आवाज न्हाई."

साखराबाईनं त्याच्याकडं पाहिलंच नाही.

"बिरू, केदारखेड्याची लेकरं कुठंयत?"

बिरूनं खाली बघत पायानं माती उकरली. चोरून गूळ खाल्ला की लहानपणी असाच उभा राहायचा.

"मी विकली न्हाई तिला, आई. बोळ्याचं विकायचं न्हाई, मी काय विसरलो काय? सांजच्याला घरी आणतोच ना बराबर. रीत कुठं मोडली मी?"

त्यानं खालच्या घोळक्याकडं हात केला.

"आणि ह्यांना तर जायचंच आहे. मार तर चुकतो ह्यांचा. तूच म्हणतेस ना, मेंढराला मारू नको."

त्याच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. रीत जिथल्या तिथं होती, टिकली जिवंत होती, काठी कुणाच्या पाठीत बसली नव्हती. साखराबाईनं काखेतली नवी माय पुढं धरली आणि उलट्या पावलांनी चालायला लागली.

वास ताजा होता. टिकलीनं जुनी माय सोडली आणि ती नव्या मायच्या मागं आली. साखराबाईला बरं वाटलं, पण एक-दोन पावलंच. कारण टिकलीच्या मागं फळीपाशी उभा असलेला घोळकाही वळला होता. एकीच्या मागं एक, माना खाली घालून, तशाच गरीबपणे त्या तिच्याकडं येत होत्या. ही कुठं नेते हे एकीनंही विचारात घेतलं नव्हतं. बिरूच्या मागं जशा गेल्या तशाच.

"अरे, घोळका चालला! आवर तिला," सर्जेराव ओरडला.

साखराबाई थांबली. भर बाजारात मातीतच बसली. मायची शिवण तिनं दातात धरली आणि तांबडा दोरा तोडला. गाठ पक्की होती, तिचीच होती; ती सुटायला वेळ लागला. मग एकेक टाका उसवत तिनं घोंगडीचा तुकडा उघडला आणि आतली लोकर मुठीमुठीनं बाहेर काढली. वाऱ्याबरोबर ती लोकर चाकोरीवर, शेणावर, मिरच्यांच्या पोत्यांवर पसरत गेली.

टिकली तिथं उभी होती. तिनं मातीचा वास घेतला, कापडाचा घेतला, साखराबाईच्या गुडघ्यांचा घेतला. मग तोंड उघडलं आणि ओरडली. त्या पहिल्या दिवशी ओरडली होती तशी, घसा फाटेपर्यंत. मागच्या घोळक्यानं माना वर केल्या. एक ओरडली, दुसरी ओरडली, आणि मग टेम्पोत मुकाट उभी असलेली सगळीच्या सगळी ओरडायला लागली. फळ्यांवर खुरं आपटू लागली. मिरच्या तोलणाऱ्या झुंबरबाईनं तिकडून उठून पाहिलं. गिऱ्हाइकं थांबली. कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना.

सर्जेरावनं शिवी हासडली आणि माणसांना काठ्या आणायला सांगितल्या.

बिरू तिच्यासमोर येऊन उकिडवा बसला, माय शिवून दे म्हणायला बसायचा तसाच. त्याचं तोंड उतरलं होतं.

"आई, गप कर ना तिला. लोकं बघून राह्यले."

साखराबाईनं हातातलं रायभानच्या घोंगडीचं रिकामं कापड उलटंसुलटं करून पाहिलं आणि त्याच्यापुढं धरलं.

"कशानं करू?" ती म्हणाली.