रिकाम्या मैदानाला केलेला नमस्कार

सणसवाडीच्या आमच्या कारखान्यामागे मुरमाचं एक मोकळं मैदान होतं. दिवसपाळी सुटल्यावरचं कलतं ऊन त्यावर पसरलं, की चेंडूचा धप्प आवाज येई, आणि त्या आवाजावाचून मला जपानी साहेब आठवतच नाहीत. यंत्रं शिकवायला आलेले, पन्नाशी उलटलेले, उजव्या गुडघ्याला पट्टा बांधलेले. एकेकाळी आपण फुटबॉल खेळायचो, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. आम्हा कामगारांत तासभर खेळत आणि सगळे पांगले, की कडेला एकटेच उभे राहून त्या निर्जन मुरमाला कमरेतून वाकून नमस्कार करीत. त्यांच्या वाकलेल्या पाठीवर सांज हलकेच उतरत असे.

मला त्याचं हसू यायचं. मी दौंडचा, नुकताच कायम झालेला; हातात कॅमेऱ्याचा नवा मोबाईल आणि अंगात मस्ती. कुंपणाआडून मी तो नमस्कार टिपला, ते सरळ होण्याआधीच थांबवला आणि शिरूरच्या सायबर कॅफेतून इंटरनेटवर चढवला. मथळा इंग्रजीत दिला, वेडा जपानी. पंधरवड्यात पाहणाऱ्यांचा आकडा असा काही फुगला, की मी कारखानाभर मिरवत सुटलो. खाली जपानी अक्षरांची रीघ लागली होती. तेही माझ्यासारखेच हसत असणार, असं मी धरून चाललो होतो.

फाटकावरच्या चाँदमामांनाही हौसेनं दाखवलं. तरुणपणी ते शिरूरच्या तालमीत घुमलेले. त्यांनी शांतपणे मोबाईल परत दिला.

"तू बी तालमीत जात व्हतास ना? आत शिरताना माती कपाळाला लावायचास का न्हाई?"

"लावायचो, मामा."

"मग ह्यात हसायसारखं काय हाय?"

ती जपानी अक्षरं तरी खरंच हसत होती का, अशी शंका मला पहिल्यांदाच आली. दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या दुभाषी बाईंना ती अक्षरं छापून नेऊन दिली. एकेक ओळ वाचून त्या मला अर्थ सांगत गेल्या. तिकडे कुणीच हसत नव्हतं; आपल्या जुन्या नावाजलेल्या खेळाडूला त्यांनी ओळखलं होतं. शेवटच्या सामन्यात साहेबांच्या चुकीनं संघ हरला होता. खेळ संपल्यावर प्रेक्षकांपुढे वाकायची तिथली रीत मोडून ते मागच्या दारानं निघून गेले होते आणि चाहत्यांना पुन्हा कधी दिसले नव्हते. एकानं लिहिलं होतं, 'त्या दिवशीचा नमस्कार आज पोहोचला.'

"साहेबांना माहीत आहे हे?" मी विचारलं.

"काल कळलं," बाई म्हणाल्या.

जो नमस्कार कुणी पाहू नये म्हणून ते इतक्या दूर येऊन करीत होते, तो मी चव्हाट्यावर मांडला होता. मला स्वतःची लाज वाटली, आजही वाटते. त्या संध्याकाळी माफी मागायला मैदानावर जाऊन बसलो. साहेब आले नाहीत, पुढेही कधी आले नाहीत, आणि महिन्याभरात मायदेशी परतले.

चित्रण मी काढून टाकलं, पण तोवर लोकांनी त्याच्या कितीतरी प्रती करून ठेवल्या होत्या. मैदानावर आता पत्र्याची शेड आहे. माणूस गेला, मैदान गेलं, काळही पुढे सरकला. पडद्यावर मात्र साहेब अजून वाकलेलेच आहेत, आणि त्यांना सरळ उभं राहू देणं माझ्या हाती उरलेलं नाही.