मागच्या अंगाला

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून आर्किटेक्ट एक दार खोडत होता. गावातल्या नव्या आधार संकुलाचा तो नकाशा. दवाखाना, पाळणाघर, समारंभाचं सभागृह आणि विधवा बायकांसाठी शिवणघर. शिवणघर त्यानं हौसेनं रस्त्याकडेला काढलं होतं. येणारा-जाणारा काचेतून बघेल, आत शिरेल, चार कपडे विकले जातील. पण समितीच्या अध्यक्षांना ते खुपलं. सभागृहात लग्नं होणार, वऱ्हाड गाडीतून उतरणार आणि समोर पहिल्यांदा कोण दिसणार? शुभकार्यात अपशकुन नको, शिवणघर मागं न्या, म्हणाले. माणूस तसा वाईट नव्हता हो! दवाखान्यासाठी त्यांनीच पायपीट केली होती.

मागं म्हणजे जनरेटर आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये.

वहिनी चहा घेऊन आली. भाऊ गेला तेव्हा हा शाळेत होता. तिनं शिलाई मशीन चालवून याला शिकवलं, पुढं याच्या मुलीलाही अंगाखांद्यावर वाढवलं. शिवणघर तिच्याच हाती द्यायचं ठरलं होतं. पाटी कुठं लावायची, काचेत काय टांगायचं, हल्ली तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. जन्मात पहिल्यांदा तिला रस्त्याकडे तोंड करून बसायला मिळणार होतं.

तिनं नकाशावर वाकून पाहिलं.

"भाऊजी, आमचं दार कुठं गेलं?"

"मागच्या अंगाला घेतलंय, वहिनी. समितीचं तसं म्हणणं पडलं."

"आणि खिडकी?"

"तिथं जनरेटर येतोय."

"सुई ओवायला उजेड लागतो," एवढंच ती म्हणाली आणि चहा ठेवून आत गेली.

ते त्याच्या जिव्हारी लागलं. त्यानं तडक अध्यक्षांना फोन लावला आणि दार हलवणार नाही म्हणून सांगितलं. अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमच्या मुलीचं लग्न ठरलंय ना? पाहुण्यांच्या स्वागताला वहिनींना दारात उभं कराल?"

लग्नाची बोलणी झाली त्या दिवशी वहिनी मागच्या खोलीत बसून होती. कुणी तिला सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नव्हतं, जळो ती शिस्त! त्यानं फोन ठेवला आणि नकाशावर सही केली.

संकुल उभं राहिलं. सभागृहातलं पहिलंच लग्न त्याच्या मुलीचं. नवरीचा पोशाख वहिनीनं शिवला होता, भरदिवसा दिवा लावून. मुलगी सारखी विचारत होती, "मोठी आई कुठंय?" येतील, दमल्यात जरा, असं सांगून तिची आई वेळ मारून नेत होती. बाप पाहुण्यांच्या पुढं पुढं करत राहिला. मागं बंद दाराआड वहिनी मशीनपाशी बसली होती. जनरेटरच्या घरघरीत तिला बँडसुद्धा धड ऐकू आला नाही.

नकाशा चोख ठरला. एवढ्या पाहुण्यांत ती एकालाही दिसली नाही. वाचकहो, तुमच्या घरचं शेवटचं कार्य आठवा, आणि त्या वेळी मागच्या खोलीत कोण बसलं होतं तेही आठवा.