दोरीची दुसरी मूठ

मित्रांनो, मी एक जुनी पटाशी आहे. लोक मला गोल पटाशी म्हणतात, पण मी काही चेंडूसारखी गोल नाही. माझं पातं पन्हाळीसारखं खोलगट आहे आणि टोकाला बाकदार धार आहे. लेथवर गरगर फिरणाऱ्या लाकडाला मी नुसती टेकले, की लांबच लांब ढलप्या सुटतात. अशी सुखाची वर्षं मी भोगली. मग एकतीस वर्षं माळ्यावर एका पत्र्याच्या डब्यात काढली, आणि तीही न केलेल्या गुन्ह्यासाठी. म्हणून माझी गोष्ट नीट ऐका.

माझा जन्म एका मोडक्या ट्रकच्या चाकांवरच्या पोलादी कमानीतून झाला. लोहाराने तिचा एक पाटा कापला, लालबुंद तापवला, ठोकून ठोकून माझा आकार काढला आणि कडक व्हावी म्हणून मला पाणी दिलं. पाणी दिलं असं म्हणायचं, पण बुडवलं तेलात! माणसांच्या बोलण्यावर माझा तेव्हापासूनच फारसा भरवसा नाही.

माझा पहिला मालक एक म्हातारा कातारी होता. खुर्च्यांचे पाय, पलंगाचे खूर, कपाटांच्या मुठी असं काहीही तो लेथवर कातून द्यायचा. चार पाय केले तर चारही सख्ख्या भावांसारखे दिसायचे. लोक त्याचं कौतुक करायचे आणि तो ते सगळं माझ्या नावावर ढकलायचा. "अहो, माझं काय? ही करते," असं म्हणून मला कपाळाला लावायचा. तेव्हा मला फार बरं वाटायचं.

एकदा त्याची दाढ सुजली. गल्लीच्या टोकाला नवा दाताचा दवाखाना निघाला होता, तिथे तो भीतभीत गेला. तरुण डॉक्टरांनी दाढ अशी अलगद काढली की कातारी चकितच झाला. "डॉक्टर, हा हात लाकडाला लागला पाहिजे," तो म्हणाला. डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं नाही. दर रविवारी ते कातारकाम शिकायला येऊ लागले.

कातारी त्यांना एकच गोष्ट शंभरदा सांगायचा. लेथवर लाकडासमोर एक आडवी लोखंडी पट्टी असते, तिला टेकण म्हणतात. माझी पाठ त्या टेकणावर टेकलेली असते. लाकूड झिजून बारीक होत गेलं, की ते टेकणापासून लांब जातं. "मग यंत्र थांबवायचं, टेकण पुढे घ्यायचं, हाताने एक फेरा फिरवून बघायचं, मगच बटण दाबायचं. मध्ये बोट मावेल एवढी फट राहिली, तर समजा, बोट गेलं!"

म्हाताऱ्याचे डोळे थकले, तेव्हा त्याने मला डॉक्टरांच्या हाती दिलं. दवाखान्यामागच्या खोलीत लेथ बसली. डॉक्टर तिथे लेथ चालवू लागले, की बाहेरच्या बाकावरचे दोनचार पेशंट तरी हळूच घरी पळायचे. डॉक्टरांची बायको, म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाई, चिडायच्या. "अहो, त्यांना वाटतं, आत कुणाच्या दातांवरच चाललंय हे!"

या खोलीत आमची एक देखरेख करणारी होती. डॉक्टरांची लेक, सात वर्षांची. डॉक्टरांनी टेकण पुढे घेतलं, की ती यंत्राच्या बाजूला उभी राहून लाकूड हाताने फिरवायची. ते कुठेही न अडकता फिरलं, की ओरडायची, "मोकळं!" तिने मोकळं म्हटल्याशिवाय बटण दाबायचं नाही, असा नियमच होता. सुट्टीच्या दुपारी ढलप्यांच्या ढिगात बसून ती ढलप्यांची कर्णफुलं करायची. ते दिवस आठवले, की अजून माझ्या पात्यात ऊब येते.

एका रविवारी तिला उड्या मारायची दोरी हवी होती. बाजारची नको, बाबांनी केलेल्या मुठींची हवी. पहिली मूठ सुरेख झाली, मध्ये फुगीर आणि टोकाला गोटीसारखी. दुसरी अर्ध्यावर आली, तोच बाहेरून मैत्रिणींची हाक आली. "बाबा, लवकर करा ना! त्या थांबल्यात," ती पाय आपटू लागली. लाकूड बारीक झालं होतं, फट वाढली होती. पण लेकीसाठी डॉक्टर घाईला आले. त्यांनी यंत्र थांबवलं नाही. कुणी "मोकळं" म्हटलं नाही.

मी त्या फटीत खेचली गेले. माझं टोक लाकडात रुतलं, ती अर्धवट मूठ लेथवरून निसटून उडाली आणि लेकीच्या भुवईवर लागली. तीन टाके पडले. डोळा थोडक्यात वाचला.

डॉक्टरीणबाईंनी लेकीला पोटाशी धरलं. "ही पटाशीच मेली घातकी! आधी नजरेआड करा हिला," त्या म्हणाल्या. मी डॉक्टरांकडे पाहिलं. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं. पण ते गप्प राहिले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच. त्यांनी मला तेलकट फडक्यात गुंडाळलं, डब्यात घातलं आणि माळ्यावर ठेवलं. लेथवर चादर पडली.

मित्रांनो, झिजण्याचं दुःख मला कधीच नव्हतं. प्रत्येक वेळी धार लावताना मी केसभर कमी होते, पण ते कामासाठी. गंजणं मात्र फुकटचं असतं. फडक्यातलं तेल सुकलं, आणि माझ्या अंगावर तांबडे डाग चढत गेले. मला सारखं वाटायचं, खरंच माझंच चुकलं असेल का?

परवाच्या उन्हाळ्यात लेक आठ दिवस राहायला आली आणि तिने माळा आवरायला काढला. डबा उघडला. भुवईवरची पांढरी रेघ अजून तशीच होती. ती मला घेऊन खाली उतरली, पर्समधून एक लाकडी मूठ काढली आणि टेबलावर ठेवली. तीच, पहिली. इतकी वर्षं ती कचेरीत कागदांवर वजन म्हणून ठेवत होती; या वेळी मुद्दाम बरोबर आणली होती.

"बाबा, हिची जोडी अर्धी राहिलीय."

डॉक्टर आता अडुसष्ट वर्षांचे. दवाखाना बंद झालेला. "नको गं," ते म्हणाले. "आता हात राहिला नाही माझा."

"हात राहिला नाही की धीर?"

डॉक्टरांनी मला उचलून धारेवरून बोट फिरवलं. मग उठून सहाणेचं चाक पुसायला लागले.

पहिल्या दिवशी तर त्यांनी माझी धार जाळलीच. घाईघाईत चाकावर दाबलं, आणि माझं टोक निळं पडलं. तेवढं घासून टाकावं लागलं, म्हणजे मी आणखी आखूड झाले. पुढचे तीन दिवस चार मुठी करायला घेतल्या आणि चारही चुलीत घालायच्या लायकीच्या झाल्या. डॉक्टरीणबाई दारातून डोकावून म्हणाल्या, "एवढ्या लाकडात तर सबंध खुर्ची झाली असती." पण त्यांचा आवाज पूर्वीसारखा चिडका नव्हता, घाबरलेला होता. लेक लेथजवळ आली, की त्या दार सोडत नव्हत्या.

पाचव्या दिवशी लाकूड नीट उतरू लागलं. अर्ध्यावर आल्यावर डॉक्टरांनी यंत्र थांबवलं. टेकण पुढे घेतलं. आणि तिथेच त्यांचा हात थांबला.

"त्या दिवशी मी हे केलं नाही," ते म्हणाले. "पटाशीचा काही दोष नव्हता. मला माहीत होतं, तरी मी बोललो नाही. लाज वाटली."

"आणि मला वाटायचं, माझ्यामुळेच झालं," लेक म्हणाली. "मीच घाई करत होते ना. म्हणून मी परत कधी दोरी मागितली नाही."

एकतीस वर्षांत हे डॉक्टरांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. "अगं वेडे," ते कसंबसं म्हणाले, "सात वर्षांच्या मुलीने घाई करायचीच असते. थांबायचं मोठ्या माणसाने."

डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले आणि मग त्यांना राग आला. "म्हणजे नाचता येईना, अंगण वाकडं! आणि मी इतकी वर्षं या बिचारीला शिव्या घालतेय?" त्यांनी मला उचललं, फडक्याने माझं पातं पुसलं आणि परत डॉक्टरांच्या हातात दिलं.

लेकीने लाकूड हाताने फिरवलं. सावकाश, पूर्ण एक फेरा.

"मोकळं!" ती ओरडली.

संध्याकाळी तिने दोन्ही मुठींना दोरी बांधली. एक मूठ हाताळून काळपट झालेली, दुसरी कोरी फिकट. अंगणात तिने तीन उड्या मारल्या आणि कंबर धरून खाली बसली. तिघंही हसत सुटली.

मित्रांनो, हत्यारांना तेल द्या, धार द्या, कोरड्या जागी ठेवा, हे तर मी सांगणारच. पण तुमच्या हातून काही चुकलं, तर ते आमच्या अंगावर टाकून गप्प बसू नका. आम्हाला सोसता येतं हो, आम्ही लोखंडाची. पण शेजारी एखादं लहान पोर उभं असतं, आणि कुणी काही बोललं नाही, की ते सगळा दोष आपल्याकडेच घेतं.