अख्खी पट्टी

गारखेड्यातल्या त्या मंगल कार्यालयात लग्नाला कधी एवढी गर्दी झाली नसेल. गुरुवारची दुपार, पंखे नुसतेच गरगरत होते आणि चारशे माणसं हातात औषधाची एकेक पट्टी घेऊन गोळीवाले महाराजांकडे टक लावून बसली होती. महाराजांच्या अंगावर भगवी कफनी आणि पायात नवेकोरे स्पोर्ट्स शूज. समोर तांब्याचा हंडा, त्यावर लाल फडकं. पुढच्या रांगेतले पेन्शनर तात्यासाहेब यांची पट्टी त्यांनी हंड्यात सोडली, डोळे फिरवले आणि फडक्याखालून मुठीमुठीनं पांढऱ्या गोळ्या काढायला सुरुवात केली.

"कंपनी एक गोळी बनवती, बेटा! श्रद्धा शंभर बनवती!"

हॉल जयजयकारानं दणाणला. शिकलीसवरली माणसंसुद्धा टाळ्या पिटत होती, याची करुणाला शिसारी आली.

करुणा बजाजनगरच्या एका मेडिकलमध्ये फार्मासिस्ट होती. औषध हंड्यात वाढत नाही, बिलात वाढतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! ती आली होती शेजारच्या आशाबाईंसाठी. त्यांचे यजमान सांडूकाका वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झालेले. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला. त्यात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून वर्षभर, रोज दोनदा, न चुकता एक महागडी गोळी. महिन्याचं औषध एकदम घेणं पेन्शनीत बसेना, म्हणून आशाबाई पट्टी कात्रीनं कापून चार-चार गोळ्या नेत.

पंधरा दिवसांपूर्वी मात्र त्या म्हणाल्या, "आज अख्खी दे. कापू नको." हात मोकळा झालेला दिसतो, म्हणून करुणाला बरंच वाटलं. काल त्या पुन्हा अख्खी पट्टी मागायला आल्या, तेव्हा सगळा उलगडा झाला.

"महाराजांनी एका पट्टीच्या लई गोळ्या करून दिल्या गं. अन् एक रुपया घेत नायत! फकस्त पट्टी अख्खी लागती. कापलेली खंडित व्हती, देवाला चालत नाय."

"काकू, ही पट्टी कुठं नेऊ नका. काकांना आज रात्रीपासून यातलीच गोळी द्या!"

"तू एकदा येऊन बघ, मग बोल."

खंडित मूर्ती देव्हाऱ्यात ठेवत नाहीत, हे करुणानंही ऐकलं होतं. पण गोळीची मूर्ती कधीपासून झाली? तिनं दुकानाच्या मागच्या खोक्यातून एक जुनी पट्टी पर्समध्ये टाकली आणि आली.

तात्यासाहेबांनंतर लगेच आशाबाईंचा नंबर लागला. पट्टी पुढं करत त्या माइकवर म्हणाल्या, "महाराज, यांच्या छातीत सकाळपास्नं कळ येतीय."

"कंपनीचं विष बाहेर पडतंय, माई. पडू दे!"

करुणाच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं जागेवरूनच आशाबाईंच्या मुलाला, विश्वजीतला फोन लावला. "वडिलांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. आई येईपर्यंत थांबू नको." मग ती मंचावर चढली आणि जुनी पट्टी तिथं पट्ट्या गोळा करणाऱ्या शिष्याच्या हातात दिली. शिष्यानं ती उलटी केली, वाचली आणि परत केली.

"ही नाय चालत."

"का? अख्खी आहे की."

"तारीख गेलीय हिची."

माइक चालूच होता. करुणानं तो ओढून घेतला.

"महाराज, तुमचा देव एकाच्या शंभर करतो ना? मग शिळ्या गोळीची ताजी करायला त्याला काय जड जातं? देवाला एक्सपायरी डेट कशाला लागते?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"तारीख लागते बाजारात! कापलेली पट्टी कुणी परत विकत घेत नाही, तारीख गेलेलीही घेत नाही. म्हणून या देवाला दोन्ही चालत नाहीत. हे रुपया घेत नाहीत, तुमचं खरं औषध घेतात!"

"नास्तिक हाय ती! काढा तिला भायेर!" महाराज किंचाळले. इतका वेळ जिभेवर असलेला मध कुठल्या कुठे गेला.

पण तात्यासाहेब उठले होते. "थांबा. माझी पट्टी हंड्यातच हाय ना? दाखवा की मग!"

त्यांनी हंडा उलटा केला. आतला तळ निसटून खणकन पडला. त्याच्याखाली दुसरा तळ, आणि मधल्या पोकळीत तात्यासाहेबांची पट्टी जशीच्या तशी. आधी त्याच पोकळीत सुट्या गोळ्या भरून ठेवलेल्या असत. करुणानं तात्यासाहेबांना दिलेल्या गोळ्यांतली एक बोटानं दाबली, तर खडूचा भुगा झाला. पडद्यामागं चार खोकी निघाली. त्यांत शेकडो अख्ख्या पट्ट्या, औषधवार आणि तारीखवार लावून, रबर घालून ठेवलेल्या. आजाऱ्यांचं औषध चोरून बाजारात विकणारा हा माणूस मारे श्रद्धेवर प्रवचन देत होता!

महाराज स्वयंपाकघराच्या दारानं पसार झाले. शूज कशाला घातले होते, ते सगळ्यांना तेव्हा कळलं. पोलिसांना ते क्रांती चौकातल्या सिग्नलवर, रिक्षात सापडले. ट्रॅफिकवर त्यांची सिद्धी चालत नव्हती.

दवाखान्यात सांडूकाकांच्या स्टेंटमध्ये गुठळी धरलेली निघाली. डॉक्टरांनी ती काढली. "तासभर उशीर झाला असता तर हाती लागले नसते," ते म्हणाले. आणि बिनमहत्त्वाचं सांगावं तसं पुढं म्हणाले, "परवडत नव्हतं तर मला विचारायचं ना. हेच औषध जेनेरिकमध्ये मिळतं. जनऔषधी केंद्रात बघा, पाव किमतीतसुद्धा मिळेल. मी नाव लिहून देतो."

आशाबाई करुणाकडं वळल्या. "तुला हे ठावं व्हतं?"

करुणाला ठाऊक होतं. मालकाची सक्त ताकीद होती: गिऱ्हाईकानं विचारल्याशिवाय स्वस्तातलं सांगायचं नाही.

"चार महिने माझी पट्टी कापत व्हतीस. एक शबूद नाय काढलास. मंग त्या बुवात अन् तुमच्यात फरक काय गं?"

करुणाला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच तिनं काउंटरच्या काचेवर एक कागद चिकटवला: 'हेच औषध स्वस्तात मिळतं का, हे डॉक्टरांना विचारा. आम्हालाही विचारा.'

"काढ ते," मालक दातओठ खात म्हणाला.

"तुम्ही काढा. गिऱ्हाईकांसमोर."

समोर पाच माणसं उभी होती. मालकाचा हात कागदापर्यंत गेला आणि परत आला.

बुवाला देव कुठं आहे ते विचारत बसू नका, त्याच्याकडं उत्तर तयार असतं. पट्टी अख्खीच का लागते, एवढं विचारा. आणि तसाच प्रश्न पांढऱ्या कोटातल्या माणसाला आणि काचेमागच्या दुकानदारालाही विचारा: हेच का, आणि एवढ्यालाच का? जो या प्रश्नावर चिडेल, त्याच्याकडून काही घेऊ नका, मग तो कफनीत असो की कोटात.