उशिरा येणाऱ्यांचा बाक

मी बाक बोलतोय. करकरतोय म्हणा हवं तर. उजवीकडचा नट ढिला झाल्यापासून माझ्या बोलण्यात आणि करकरण्यात फारसा फरक राहिलेला नाही. कुणाला घाई असेल तर त्यानं खुशाल पुढे जावं. मी आता फार दमलोय, कुणाला थांबवायची उमेद माझ्यात नाही.

माझा जन्म एका बसगाडीत झाला. शेवटच्या रांगेतला लांब बाक मी. जाड लाकडी पट्ट्या, लोखंडी पाय, हात फिरवला तर कुठे कुसळ लागणार नाही असा गुळगुळीत. बसायचं पाचांनी, पण बसायचे सात. गाडी थांब्यावर लागली रे लागली की लोक खिडकीतून पिशव्या, टोप्या, छत्र्या फेकून माझ्यावर हक्क सांगायचे. एका गृहस्थानं तर एकदा पायातली चप्पल टाकली होती. "मावशी, जरा सरका की!" "कुठे सरकू बाबा, खिडकीबाहेर?" अशी भांडणं रोजची. मी गालातल्या गालात हसायचो. माझ्यावर बसायला मिळावं म्हणून माणसं भांडतात, याहून जास्त काय पाहिजे एखाद्या बाकाला?

गाडी म्हातारी झाली आणि मोडीत निघाली. डेपोच्या कार्यशाळेतल्या फिटरनं मला मात्र वाचवलं. पाय जमिनीत सिमेंटनं बसवले आणि मला डेपोमागच्या मैदानाच्या कडेला उभं केलं. डेपोचा फुटबॉल संघ होता. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, टायरवाले, सगळे आपलेच. त्यांच्या राखीव खेळाडूंसाठी मी. त्या दिवसापासून माझं नशीब उलटं फिरलं. माझ्यावर कोणालाच बसायचं नसे. ज्याला बसवलं तो तोंड पाडून बसायचा, किल्लीनं माझ्या पट्ट्या कोरायचा आणि केव्हा एकदा उठवतात याची वाट बघायचा. इतकं नकोसं होऊन जगणं थकवतं हो माणसाला. बाकालाही थकवतं.

संघ म्हणजे एकेक नग होता. पुढे खेळायचा तो 'तोफ'. ड्रायव्हर होता, पायात जबरदस्त ताकद, डोक्यात त्याहून जास्त हवा. सराव सुरू होऊन अर्धा झाला की साहेब हातात चहाचा ग्लास घेऊन डुलत डुलत यायचे. गोलकीपर 'लांब्या', टायर विभागातला. माणूस गरीब, पण कुणी धक्का मारला की पाठलाग करत सुटायचा, मग गोल मोकळा राहिला तरी बेहत्तर. आणि मागे डावीकडे-उजवीकडे खेळायचे दोन साडू. त्यांच्या बायकांचं, म्हणजे सख्ख्या बहिणींचं, घरी काहीतरी बिनसलेलं असायचं, आणि हे दोघे त्याचा राग मैदानावर काढायचे. धाकटा चेंडू आकाशात मारेल, पण थोरल्याला देणार नाही. आधीच्या प्रशिक्षकानं ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. शेवटी एक दिवस माझ्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बूट तिथेच ठेवून अनवाणी घरी गेला. परत आला नाही.

मग अग्निशमन दलाच्या संघाबरोबर ती मारामारी झाली. सामना अर्धवट सुटला, लांब्यानं एकाला पार पेट्रोल पंपापर्यंत पळवत नेलं. डेपो मॅनेजर मैदानावर आले आणि शांतपणे म्हणाले, "आता आणखी एक मारामारी झाली किंवा आणखी एक सामना असा अर्धवट सुटला, तर संघ बंद. या जागेवर गाड्या उभ्या करीन. नाहीतरी जागा कमीच पडतेय."

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. इतर वेळी कितीही मस्ती करोत, ही माणसं दिवसभर गाडीच्या धुरात आणि ग्रीसमध्ये असायची. हा हिरवळीचा तुकडा गेला तर त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं. माझ्याजवळही नव्हतं.

अशा वेळी नवीन प्रशिक्षक आला. डेपोत नुकताच बदलून आलेला वाहतूक नियंत्रक. बारीक, थोडा वाकलेला, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधणारा. दिवसभर केबिनमध्ये बसून गाड्या सोडायचा. वेळ झाली की भोंग्यावर एकच शब्द म्हणायचा, "सुटली." मग कुणी पळत येवो, दारावर हात मारो, गाडी थांबायची नाही. म्हणून पोरांनी त्याचं नावच 'सुटली' ठेवलं. समोर अर्थात साहेब.

पहिल्याच संध्याकाळी पाचाच्या ठोक्याला तो मैदानाच्या मधोमध उभा राहिला. हजर होते लांब्या आणि धाकटा साडू. इतर कुणी गेटवर गप्पा मारतंय, कुणी विडी ओढतंय. त्यानं घड्याळ बघितलं, "गाडी सुटली" म्हणाला आणि या दोघांना घेऊन सराव सुरू केला. बऱ्याच वेळानं तोफ चहाचा ग्लास घेऊन आला.

"आलो की साहेब!"

"तुमची गाडी गेली. तिथे बसा," त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"म्हणजे? केव्हापर्यंत?"

"पुढच्या गाडीपर्यंत. पुढची गाडी उद्या पाचला. आणि बाकावर बसलेल्यानं बोलायचं नाही."

तोफ हसला. मग बाकीच्यांकडे बघून हसला. कुणी हसेना, तेव्हा आदळून माझ्यावर बसला. माझी एक पट्टी त्या दिवशीच चिरली.

साहेब ओरडत नसे. शिवी नाही, अरे-तुरे नाही, सगळ्यांना 'तुम्ही'. पण उशीर झाला की बाक, भांडलात की बाक, पास नाही दिला की बाक. दोघा साडूंना तर त्यानं एका संध्याकाळी शेजारी शेजारी बसवलं. तोंडं दोन दिशांना करून बसले होते. सूर्य थोरल्याच्या डोळ्यांवर आला, तसा धाकटा थोडा सरकला आणि त्याला सावलीत जागा करून दिली. मी बघत होतो. दुसऱ्या दिवसापासून एकदम गळ्यात गळे पडले असं मुळीच झालं नाही, पण चेंडू आकाशात जायचा थांबला.

तोफेला मात्र हे सोसेना. एका सामन्यालाही तो उशिरा आला आणि साहेबानं त्याला संपूर्ण सामनाभर माझ्यावर बसवला. संघ सपाटून हरला. "मी असतो तर हरलो असतो का?" तो धुसफुसत म्हणाला. साहेब म्हणाला, "तुम्ही वेळेवर असता तर कदाचित हरलो नसतो." त्या दिवसापासून तोफेनं मनाशी एक खूणगाठ बांधली. सगळ्यांना गोळा करून त्यानं सांगितलं, "हा कधी ना कधी उशिरा येणारच. माणूस आहे. तो आला की सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, सुटली! बघू मग बाकावर बसतो का." पोरांना कल्पना फार आवडली. रोज पाचला सगळे गेटकडे डोळे लावून बसायचे. आणि गंमत बघा, साहेब उशिरा येतो का हे बघायला म्हणून सगळेच्या सगळे वेळेवर यायला लागले.

मग अग्निशमन दलाशी पुन्हा सामना ठरला. मॅनेजर स्वतः खुर्ची टाकून बसणार होते. जिंका, हरा, त्यांना काही देणंघेणं नव्हतं. सामना शेवटच्या शिट्टीपर्यंत सरळ खेळला गेला पाहिजे, एवढंच. नाहीतर मैदान गेलं.

तोफेची त्या संध्याकाळी ड्युटी होती. डेपोची रीत अशी, की ड्युटी बदलून घ्यायची तर ज्याच्याशी बदलायची त्या माणसाला स्वतः जाऊन सांगायचं, आणि तो 'हो' म्हणाला की मगच नियंत्रकाला कळवायचं. साहेबानं दोनदा विचारलं, "सांगितलंत ना त्याला?" तोफ म्हणाला, "सांगितलंय हो साहेब, किती काळजी करता!"

पाच वाजले. सगळे खेळाडू हजर. समोरचा संघ हजर, मॅनेजर हजर. साहेब नाही.

पंच किती वेळ थांबणार? सामना सुरू झाला. पोरं धावता धावता गेटकडे बघत होती. अग्निशमनवाल्यांनी एक गोल चढवला. आणि मग साहेब आला. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, श्वास लागलेला. संपूर्ण मैदानाची नजर त्याच्यावर. इतके दिवस वाट बघितलेला क्षण समोर उभा होता, आणि कुणाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही.

तोच म्हणाला. "सुटली माझी." आणि माझ्यावर येऊन बसला. दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि तोंड मिटलं.

मध्यंतराला सगळे त्याच्याभोवती जमले. "साहेब, काय करायचं सांगा." साहेब गप्प. थोरला साडू काकुळतीला आला, "अहो, आजचा दिवस नियम राहू द्या. मैदान जाईल आपलं." साहेबानं फक्त मान हलवली. मांड्यांखालच्या बोटांनी त्यानं माझी पट्टी गच्च धरली होती. मैदान राहावं असं या माणसाइतकं कुणालाच वाटत नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

तेवढ्यात डेपोचा पहारेकरी आला. तो तोफेवरच उखडला. "काय रे, तुझी गाडी फलाटावर भरून उभी! माणसं बोंबलतायत आणि ड्रायव्हरचा पत्ता नाही. ज्याच्याशी बदली केलीस म्हणे, त्याला बिचाऱ्याला काही ठाऊकच नाही. शेवटी साहेब स्वतः सायकल मारत दुसऱ्या एका ड्रायव्हरच्या घरी गेले, त्याच्या हातापाया पडून त्याला आणला, गाडी सोडली आणि मग इकडे आले."

तोफेचा चेहरा पडला. सांगायचं म्हणून ठरवलं होतं, पण गप्पांच्या नादात सांगायचं राहूनच गेलं होतं. तो हळूहळू माझ्याजवळ आला.

"साहेब, उशीर माझा आहे. तुम्ही उठा. मी बसतो."

साहेब हलला नाही.

"मी बसतो म्हणतोय ना!" त्याचा आवाज चिरकला. साहेबानं त्याच्याकडे बघितलं आणि थोडं सरकून जागा केली.

तोफ बसला. माझ्या साऱ्या आयुष्यात, बसगाडीतले ते दिवस सोडले तर, पहिल्यांदा कुणी माझ्यावरची जागा मागून घेतली होती. मला काय वाटलं ते कसं सांगू? ढिला नटसुद्धा मी त्या वेळी करकरू दिला नाही.

मॅनेजर येऊन म्हणाले, "अहो, तुम्हाला काय झालं? पाय दुखावला का?" तोफेनं नुसती मान हलवली. तोंड उघडलं नाही. हात मांड्यांखाली.

त्याच्या जागी एक राखीव खेळाडू गेला आणि उत्तरार्ध सुरू झाला. साडू एकमेकांना पास देत होते. अग्निशमनच्या एका आडदांड गड्यानं लांब्याला मुद्दाम खांदा मारून पाडलं. लांब्या उठला, मूठ वळली. त्यानं माझ्याकडे बघितलं. तिथे दोन माणसं शेजारी शेजारी गप्प बसलेली, एक बारीक आणि एक आडवं. लांब्यानं खाली वाकून चेंडू उचलला आणि पुढे मारला.

आम्ही एका गोलनं हरलो. शेवटची शिट्टी मात्र झाली. मॅनेजरनी खुर्ची उचलली आणि जाता जाता म्हणाले, "गाड्यांसाठी दुसरीकडे कुठे बघतो जागा."

शिट्टीनंतर साहेब उठला. तोफेला म्हणाला, "उद्या ड्युटी कुणाशी बदललीय?"

"कुणाशी नाही. माझी मीच करणार."

"वेळेवर या."

त्यानंतर सरावाला माझ्यावर बसायची पाळी कुणावर आलीच नाही. संघ सुधारला आणि मी ओस पडलो. चांगलं झालं याचं कौतुक करू की एकटा पडलो म्हणून रडू, मला कळेना. शेवटी दोन्ही केलं.

साहेबाची बदली झाली. जाण्याच्या दिवशी तो पाचच्या आधी येऊन माझ्यावर थोडा वेळ बसला, चिरलेल्या पट्टीवरून हात फिरवला आणि पाचला उठून गेला. तोफ आता ड्रायव्हरकीतून निवृत्त झालाय, गुडघे गेलेत, पण संघाला तोच शिकवतो. नव्या पोरांवर तोच ओरडतो. खरं म्हणजे ओरडत नाही. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधून मधोमध उभा राहतो आणि "सुटली" म्हणतो.

माझं म्हणाल तर संपत आलंय. पाय गंजले, दोन पट्ट्या वाळवीनं खाल्ल्या. माझ्या जागी निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्या येणार आहेत. मला भंगारात घालायचं ठरलंय, उद्या पाचला गाडी येईल म्हणतात. माझी काही तक्रार नाही. इतकी माणसं पेलली, आता कुठेतरी आडवं व्हावंसं वाटतं.

फक्त एक विनंती आहे. नेण्यापूर्वी तुमच्यापैकी कुणीतरी, उशीर झालेला नसताना, आपणहून येऊन माझ्यावर क्षणभर बसा. आणि ती भंगारवाली गाडी जर पाचनंतर आली, तर तोफेला सांगा, ड्रायव्हरची गाडी आत घेऊ नको. त्याला माझ्यावर बसव. बोलायचं नाही म्हणावं, पुढच्या गाडीपर्यंत.