डावा स्पीकर उजवीकडे

एका कानाच्या माणसाले पाच स्पीकर काहून पाहिजे, हे मले घरच्यांनी इतक्यांदा विचारलं का मी उत्तर देणंच सोडलं. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या रोलिंग मिलमधी नोकरी झाली, डावा कान तिथल्या आवाजानंच गेला. उजवा ठणठणीत आहे. पण घरात सगळ्यांनी धरून घेतलं, नरहरले ऐकूच येत नाही. जेवताना माह्या डोक्यावरून गप्पा चालतात, हसणं चालते. काय झालं विचारलं तर माही बायको इंदू म्हणते, "काही नाही हो, जेवा तुम्ही." अरे, काही नाही तर हसता काहून?

म्हणून सगळ्यांच्या नाकावर टिच्चून टीव्हीखाली छोटा कम्प्युटर बसवला, पाच स्पीकर आणले, आन् त्यायले आवाज वाटून देणारा रिसीव्हर. सिनेमातलं बोलणं तरी पुरं ऐकीन म्हटलं, कोणाले न विचारता!

दोन दिवस खटपट केली, पण आवाज दोनच स्पीकरमधून येऊन राहिला. माहा पोट्टा सौमित्र हैदराबादहून सुट्टीवर आलेला. मराठी सारी समजते त्याले, पण इकडं हिंदी मुलखात वाढला, म्हणून बोलते हिंदी. तो वाकून पाहते आन् म्हणते, "पापा, आवाज़ टीवी से घुमाके मत लाओ. कम्प्यूटर से सीधा रिसीवर में डालो." खोटं काहून बोलू, चूक त्यानंच पकडली. वायर बदलली, कम्प्युटरच्या सेटिंगमधी आवाज जसाचा तसा पुढं धाडायले लावला, आन् पाचही स्पीकर बोलायले लागले. मधल्या स्पीकरमधून नुसतं बोलणं, संगीत बाजूले. एकेक शब्द समजून राहिला. डोळ्यात पाणी आलं माह्या, हव, आलं!

पण मागचा डावा स्पीकर माह्यासाठी मुकाच होता. मी तो उचलला आन् उजव्या हाताशी आणून ठेवला.

"अरे पापा! सब गलत हो गया. दोनों एक ही तरफ?"

"कान कुठं आहे माहा? तिकडंच मांडीन ना!"

"फिर सराउंड का, चारों तरफ की आवाज़ का, मतलब ही क्या? इससे अच्छा मैं ले जाता हूँ. आपके लिए टीवी की आवाज़ काफी है."

इंदू म्हणाली, "नेऊ द्या ना. पोराचं मन काहून मोडता?"

"एक वायरही हालणार नाही इथून," मी म्हटलं. "ज्याले पटत नसन त्यानं बाहेर बसावं."

मी सिनेमा लावला. मग सोफ्यावर माह्या डाव्या बाजूले बसून त्यायची कुजबुज सुरू झाली; ऐकू नाही आली, ओठ हालताना दिसले. मी सिनेमा थांबवला.

"काय चालू आहे?"

"कुछ नहीं, पापा."

माहं डोकंच फिरलं. "हा स्पीकर निर्जीव डब्बा आहे. चार हात इकडं सरकवला तर याचं सारं ऐकू येते मले. तुमाले तर पाय आहेत! इतक्या वर्षांत एक जण तरी उठून उजवीकडं येऊन बसला का?"

मग इंदू उठली, उजवीकडं आली, स्पीकर जरासा सरकवून माह्याजवळ बसली.

"सौमित्रनं पोरगी पसंत केली आहे," ती म्हणाली. "दिवाळीपासून बोलून राहिलो आम्ही. तो सुट्टीवर आला का इथंच, तुमच्या डाव्या बाजूले बसून."

सौमित्र तिकडंच खाली मान घालून बसलेला. मी टीव्ही बंद केला.

"तू पण ये इकडं," मी त्याले म्हटलं. "पहिल्यापासून सांग. आन् ओरडू नको, इथून बराबर ऐकू येते मले."