काचेतली विलायती नळी

मी एक जुना, म्हणजे १८८४ सालचा, चर्चमधला पाइप ऑर्गन आहे. आणि मित्रांनो, मला एक कबुली द्यायची आहे.

माझा जन्म विलायतेतला. बोटीने मुंबई, आगगाडीने अकोला, पुढे बैलगाडीने वाशीम. अंगात चोपन्न पट्ट्या, आवाजाचा रंग बदलणाऱ्या सहा खुंट्या, तीनशे चोवीस नळ्या आणि मागे भाता. दांडा हापसला की भात्यात हवा भरते, पट्टी दाबली की ती नळीत शिरते आणि नळी गाते. दर्शनी बाजूला आणखी एकवीस सोनेरी नळ्या आहेत, त्या नुसत्या शोभेच्या. साफ मुक्या. फोटो सगळे त्यांचेच निघतात.

तीस वर्षांपूर्वी चुना मारताना शिडी माझ्यावर पडली आणि एक गाणारी नळी चेपून मेली. विलायतेला पत्र गेलं. उत्तर अजून यायचं आहे. शेवटी बाजारातल्या हबीबभाईंना बोलावलं. ते डबे, नरसाळी करणारे. त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, वळवला, झाळला आणि आठ दिवस कान लावून घासत बसले. नवी नळी शेजारणींपेक्षा गोड गायली.

यंदा शहरातून एक तज्ज्ञ मला तपासायला आले. सत्तरीचे हबीबभाई त्या दिवशी माझा भाता सांधायला आले होते, म्हणून मागे दांड्यावर तेच. पुढे रूपाबाई, दर रविवारी मला वाजवणाऱ्या. तज्ज्ञ एकेक पट्टी दाबत गेले आणि नेमके त्याच नळीपाशी थांबले.

"ही अस्सल विलायती. असं काम आपल्याकडे कोणाला जमणार?"

मागून आवाज आला, "साहेब, थे तं म्या बनवली."

"मामा, तुम्ही दांडा हापसा."

रूपाबाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात तज्ज्ञ म्हणाले, "या एका नळीवर तुमच्या ऑर्गनचं नाव जपणुकीच्या यादीत घालता येईल." बाईंनी तोंड मिटलं.

आणि मी? मला बेसूर होता आलं असतं. म्हाताऱ्या वाद्याला ते फार सोपं असतं. उलट जन्मात गायलो नव्हतो इतका गोड गायलो.

ती नळी काढून काचेच्या पेटीत ठेवली. खाली कार्ड: 'विलायती कारागिरी, १८८४'. रविवारच्या गाण्यात मात्र तेवढ्या जागी खड्डा पडू लागला. रूपाबाईंनी पुन्हा हबीबभाईंना बोलावलं.

"तशीच एक बनवून द्याल का, हबीबभाई?" बाई फरशीकडे बघत म्हणाल्या.

"पायतो ना बाई. पन विलायती मालाची बरोबरी मले कुठी जमते?"

"टोमणे नका मारू."

"टोमना कायले? कार्डावरच लिवलं हाय."

त्यांनी बनवली. पहिलीपेक्षा सरस. ती गाते तेव्हा माझ्या बाकीच्या नळ्यांना मान खाली घालावीशी वाटते, पण आम्हाला सरळच उभं राहावं लागतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी म्हणतो, ज्यांच्या हातांनी त्या जुन्या होईपर्यंत टिकल्या, त्यांचं नाव खाली लिहा, आणि ते हात हलताहेत तोवर लिहा. मला हात नाहीत. रूपाबाईंना आहेत, पण त्या पेटीसमोरून मान वळवून जातात. पेटीला कुलूप नाही. येताना पेन आणा.